सांगणाऱ्याला उत्तर मिळतं का? (वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात मी आढावा बैठकांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बैठकांपेक्षा माहितीबद्दलच जास्त विचारलं आहे: कोण कुणाला काय सांगतं, काय लपवतं, आणि सांगितलेलं पुढे कुठे जिरतं. मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ३१ वर्षं काढली. आधी स्टोअरमध्ये, मग नियोजन विभागात आणि शेवटची नऊ वर्षं व्यवस्थापक म्हणून. उत्तरं त्या अनुभवावरून देते आहे, जिथे वाचलेलं कामी आलं तिथे तेही सांगते. पत्रलेखकांची नावं आणि त्यांच्या संस्थांची ओळख काढून टाकली आहे.

प्रश्न: ताई, मी एका विभागाची पर्यवेक्षक आहे. मला रोज तीन, आठवड्याला चार आणि महिन्याला सहा अहवाल पाठवावे लागतात. पाळी संपल्यावरचा तासभर त्यातच जातो. दोन वर्षांत एकाही अहवालावर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. हे कुणी वाचतं का? आणि वाचत नसतील तर मागतात कशाला?

उत्तर: बहुतेक अहवाल कुणी वाचत नसावं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण रोजचा तो तास तुम्ही खरोखर देताय.

मागतात कशाला, याचं उत्तर रसेल अ‍ॅकॉफ या अमेरिकी अभ्यासकाने १९६७ साली देऊन ठेवलं आहे. कार्यालयांत संगणक येऊ लागले होते आणि व्यवस्थापकाला माहिती कमी पडते, ती यंत्राने पुरवली की झालं, असं सगळे धरून चालले होते. अ‍ॅकॉफ यांचं म्हणणं उलटं होतं. व्यवस्थापकाकडे कामाची माहिती कमी असेलही, पण त्याहून मोठा त्रास बिनकामाच्या माहितीच्या ढिगाचा आहे. आपण निर्णय कसा घेतो हेच ज्याला नीट सांगता येत नाही, त्याला कोणती माहिती लागेल हेही सांगता येत नाही. मग तो सगळीच मागतो. ‘असू द्या, लागेल कधीतरी.’ तुमचे तेरा अहवाल असेच एकेक करून जमा झाले असणार. प्रत्येक अहवालामागे कधीतरी एक अडचण आली असेल, ती मिटली, माणूस बदलला, अहवाल मात्र राहिला.

आमच्या नियोजन विभागात एकदा आम्ही सगळ्या अहवालांची यादी केली. ४३ निघाले. ज्यांच्याकडे ते जात त्यांच्याकडे मी स्वतः गेले आणि एकच विचारलं: गेल्या महिन्यात यातला आकडा बघून तुम्ही काय बदललंत? बहुतेकांनी ‘नजर टाकतो’ म्हणून सांगितलं. पण फिरता फिरता एक गोष्ट दिसली, ती मी विसरलेले नाही. स्टोअरमधून रोज सकाळी सात वाजता एक अर्ध्या पानाची टंचाई यादी निघे: येत्या तीन दिवसांत कोणते भाग संपणार. हाताने लिहिलेली, अधिकृत ४३ मध्ये तिची गणतीच नव्हती. तिच्या प्रती मला चार विभागांत टेबलावर सापडल्या, आणि प्रत्येकीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. कुणी गोल केला होता, कुणी फोन नंबर लिहिला होता, कुणी ‘उद्या दुपारी’ असं टिपलं होतं. छापील, रंगीत आलेखांच्या अहवालांवर एकही खूण नव्हती.

म्हणून तुम्ही वरिष्ठांकडे जाताना ‘हा अहवाल हवाय का’ असं विचारू नका. ‘हो’च म्हणतील. एकच अहवाल हातात घेऊन जा आणि विचारा, ‘यातला कोणता आकडा किती झाला तर आपण काय करणार?’ उत्तर मिळालं, तर तो आकडा ती मर्यादा ओलांडेल त्या दिवशीच कळवायची परवानगी मागा. ही कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने १९०३ मध्येच लिहून ठेवलं होतं की व्यवस्थापकापुढे नेहमीचं नव्हे, नेहमीपेक्षा वेगळं घडलेलं यावं, चांगलं आणि वाईट दोन्ही. उत्तर नाही मिळालं, तर निदान त्यांच्या मनात प्रश्न तरी राहील. तेरांपैकी चार कमी झाले तरी आठवड्याचे दोन तास तुमच्या माणसांना मिळतील.

एक मात्र सांभाळा. अपघाताची नोंद, सुरक्षा तपासणी, मोजमापाच्या उपकरणांची पडताळणी हे रोज कुणी वाचणार नाही, तरी ते थांबवायचं नाही. ते कागद ज्या दिवशी लागतात त्या दिवशी मागून तयार करता येत नाहीत.

प्रश्न: माझ्या हाताखाली ६० माणसं आहेत. मी रागीट नाही, केबिनचं दार उघडं असतं. तरी अडचण मला सगळ्यांत शेवटी कळते. बैठकीत विचारलं की ‘सगळं व्यवस्थित आहे’ असं ऐकायला मिळतं आणि दोन दिवसांनी ग्राहकाचा तक्रारीचा फोन येतो. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुमचं नेमकं काय चुकतंय ते इथे बसून मला सांगता येणार नाही. माझं काय चुकलं होतं ते सांगते.

स्टोअरची जबाबदारी माझ्याकडे नवीन होती. एके सकाळी एक तरुण स्टोअरकीपर स्वतःहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘मॅडम, बेअरिंगच्या रॅकमध्ये साठ्याच्या कार्डापेक्षा १४० नग कमी आहेत.’ चारजण समोर उभे होते. वरून त्याच दिवशी साठ्यावरून मला बोलणी बसली होती. मी म्हटलं, ‘आणि हे तुम्ही आज सांगताय?’ एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तो ‘बघतो मॅडम’ म्हणून निघून गेला.

पुढचे सात महिने दर आठवड्याची मोजणी कार्डाशी तंतोतंत जुळली. मला बरं वाटलं, मी वर तसं अभिमानाने कळवलंही. वार्षिक मोजणीत अकरा वस्तूंचा साठा हिशेबापेक्षा कमी निघाला. त्याने काहीच नेलं नव्हतं. रात्रपाळीत मशीन बंद पडलं की मेंटेनन्सची माणसं चिठ्ठीशिवाय भाग घेऊन जात, कारण चिठ्ठीवर सही करणारा अधिकारी रात्री नसेच. स्टोअरकीपरला ते ठाऊक होतं. पण माझ्यापुढे पुन्हा कमी आकडा आणायची त्याची तयारी नव्हती, म्हणून तो कार्डच रॅकप्रमाणे करून ठेवत होता. रात्रीच्या सहीची सोय करायला मला नंतर चार दिवस लागले. ते सात महिन्यांचे जुळलेले आकडे मीच त्याच्याकडून लिहून घेतले होते, असं मी आजही मानते.

दार उघडं असणं पुरत नाही, कारण त्या दारातून आत येणाऱ्या पहिल्या माणसाचं काय झालं हे उरलेले एकोणसाठ बाहेरून बघत असतात.

हे कुठवर जाऊ शकतं, याचा दाखला म्हणून मी प्रशिक्षणात चॅलेंजर यानाची हकिकत सांगत असे. २८ जानेवारी १९८६ ला हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. कारण होतं बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी. थंडीत रबर ताठरतं आणि सांधा वेळेवर बंद होत नाही. हे आदल्या संध्याकाळी माहीत नव्हतं असं नाही. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितलं होतं की तापमान ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नका. समोरून, म्हणजे नासाकडून, नाराजी आली. कंपनीच्या वरिष्ठांनी वेगळं बसून विचार केला आणि शिफारस फिरवली. नंतरच्या चौकशी आयोगाने नोंदवलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांनी घेतला त्यांना ती पहिली शिफारस कळलेलीच नव्हती. इंजिनिअर बोलले होते, लेखी बोलले होते. माहिती पायऱ्या चढताना मध्येच थांबली.

त्या अहवालातली आणखी एक गोष्ट मला व्यवस्थापक म्हणून फार लागली. तापमानाचा आणि कड्यांच्या झिजेचा संबंध शोधताना ज्या उड्डाणांत झीज झाली होती तीच तेवढी विचारात घेतली गेली, आणि त्यांत संबंध ठळक दिसेना. ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नव्हतं तीही सोबत मांडली असती, तर ती जवळजवळ सगळी उबदार दिवसांची होती हे कागदावर दिसलं असतं. आपणही आढाव्यात फक्त बिघाडांचीच यादी मागतो. जे नीट पार पडलं त्याचे आकडे कुणी आणत नाही, आणि मग तुलना कशाशी करायची?

दुसरा दाखला रुग्णालयांतला. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत चुका कमी असतील असं वाटणं साहजिक होतं. कागदावर त्यांच्याच चुका जास्त निघाल्या. खोलात गेल्यावर अंदाज आला की हे गट जास्त चुकत नव्हते, जास्त सांगत होते. तुमच्या बैठकीत ‘सगळं व्यवस्थित’ येतं तेव्हा हे आठवा.

काय करावं, तर सगळ्यात आधी वाईट बातमीवरचं आपलं पहिलं वाक्य ठरवून ठेवा. मी नंतर ‘बरं झालं सांगितलंत, चला बघू’ एवढं पाठच केलं होतं, कारण त्या क्षणी सुचत नाही. प्रश्नही बदला. ‘सगळं ठीक ना?’ याला एकच उत्तर असतं. ‘सध्या कुठे अंदाजाने काम चाललंय?’ असं विचारलं की माणूस थोडा थांबतो आणि मग खरं काहीतरी सांगतो. आणि जिथे काम होतं तिथे जा. टोयोटाच्या कारखान्यांत जुळणीच्या साखळीवरच्या कामगाराच्या हाताशी दोरी असते (आता काही ठिकाणी तिच्या जागी बटण आहे). काही अडलं की तो ती ओढतो, दिवा लागतो, गटप्रमुख त्याच्याकडे चालत येतो. जुळणीतली गाडी ठरलेलं अंतर सरकेपर्यंत मिटलं नाही तर साखळी थांबते. लोक त्यातल्या दोरीबद्दल बोलतात. माझ्या मते महत्त्वाचा भाग आहे तो चालत येणारा गटप्रमुख. दोरी ओढून कुणी आलंच नाही, तर आठवड्याभरात कुणी ती ओढणार नाही.

आणि सांगणाऱ्याकडे परत जा. दुसऱ्या दिवसाच्या आत. काही करता आलं नसेल तर का आलं नाही, तेवढं सांगायला जा. माझ्या त्या स्टोअरकीपरला मी वर्षाने का होईना, त्याच चौघांसमोर सांगितलं की त्या सकाळी मी चुकले होते. तो काही बोलला नाही. पण त्याच आठवड्यात त्याने मला गंजलेल्या स्प्रिंगच्या दोन पेट्या आणून दाखवल्या.

प्रश्न: आमच्याकडे गेल्या महिन्यात उत्पादन विभाग म्हणतो ४३८ नग झाले, विक्री विभाग म्हणतो ४१२ आणि हिशेब विभागाकडे ३९७. अर्धी बैठक कुणाचा आकडा खरा यातच जाते. नवीन सॉफ्टवेअर घेतलं तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर: सुटणार नाही. तिन्ही आकडे खरे असण्याची शक्यता दाट आहे. जुळणी पूर्ण होऊन चाचणीतून बाहेर आले ते ४३८, फाटकाबाहेर गेले ते ४१२ आणि ज्यांचं बिल झालं ते ३९७. तिघंही आपापल्या वहीत खरं लिहितात आणि तिन्हींना एकच नाव देतात: ‘महिन्याचे नग’. सॉफ्टवेअर आणलंत तर हेच तीन आकडे एकाच पडद्यावर दिसतील, आणि ज्याने ते बसवलं त्याच्या मनातली व्याख्या तुमच्यावर बसेल.

आमच्याकडे हा घोळ ‘तयार’ या शब्दावरून होता. जुळणीवाल्यांच्या लेखी शेवटचा बोल्ट आवळला की नग तयार. तपासणीवाल्यांच्या लेखी शिक्का बसला की तयार. पॅकिंगवाले म्हणत, खोक्यावर पत्ता चिकटवला की तयार. विक्रीचा माणूस ग्राहकाला फोनवर ‘माल तयार आहे’ सांगे तेव्हा त्याने यांतलं कोणाचं ऐकलेलं असे त्यावर ट्रक रिकामा परत जाणार की नाही ते ठरे. आम्ही तीन वेगळे शब्द केले, एका पानावर लिहिले, तिन्ही प्रमुखांच्या सह्या घेतल्या आणि ते पान फळ्यावर लावलं. त्यासाठी दोन बैठका लागल्या आणि दोन्ही बऱ्याच तापल्या. शब्दाची व्याख्या बदलली की कुणाचं तरी महिन्याचं काम कमी दिसतं, म्हणून तापतात.

हे क्षुल्लक वाटत असेल तर मंगळाकडे गेलेल्या एका यानाची गोष्ट ऐका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचून हरवलं. यानाला दिलेल्या छोट्या धक्क्यांचा हिशेब एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंड-सेकंदांत देत होतं, दुसरी बाजू तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरून चालली होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. आकडे दोन्हीकडे होते, संगणक दोन्हीकडे होते, हुशार माणसं तर होतीच. आकड्यापुढचं एकक मध्ये कुठेतरी गळलं.

व्याख्या कुणी ठरवायची, हा खरा प्रश्न आहे, आणि तिथे वरिष्ठाने बसलंच पाहिजे. तीन विभागांना ‘आपसात मिटवा’ सांगून सुटत नाही. एकदा ती ठरली की मात्र रोजच्या बारीकसारीक गोष्टी वर न्यायची गरज नाही. हेन्री फायोल या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ मध्ये हे मांडलं होतं: दोन विभागांतल्या एकाच पायरीवरच्या माणसांनी प्रत्येक निरोप शिडी चढून-उतरून पाठवण्यापेक्षा मध्ये एक फळी टाकावी आणि थेट बोलावं, वरिष्ठांना त्याची कल्पना आणि संमती असली म्हणजे झालं. तुमच्या डिस्पॅचच्या आणि हिशेबाच्या माणसाने रोज संध्याकाळी दहा मिनिटं वह्या समोरासमोर ठेवल्या तरी ४१२ आणि ३९७ मधले १५ नग कुठल्या गाडीत होते ते महिनाअखेरपर्यंत थांबल्याशिवाय कळेल.

प्रश्न: तक्रारी ४८ तासांत ‘बंद’ करायचं टार्गेट दिल्यापासून आमचा आकडा ९० टक्क्यांवर गेला, पण ग्राहक पूर्वीपेक्षा चिडलेले आहेत. हे कसं?

उत्तर: कारण ‘बंद’ करणं आणि सोडवणं या दोन गोष्टी आहेत, आणि तुम्ही पहिलीची मोजणी लावली. सत्तेचाळिसाव्या तासाला तक्रार बंद करून नव्या क्रमांकाने पुन्हा उघडली जात असणार, नोंदी काढून बघा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात हे दाखवलं होतं: नियंत्रणासाठी वापरायला घेतला की आकडा आधीसारखा भरवशाचा राहत नाही. माणसं बेइमान असतात म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. तुम्ही जे विचारलंत ते त्यांनी दिलं. त्याच ग्राहकाची तीच तक्रार ३० दिवसांत पुन्हा आली का, हे सोबत मोजा, आणि दर आठवड्याला पाच ग्राहकांना स्वतः फोन करा. तुम्ही स्वतः, सहाय्यकाने नाही.

प्रश्न: आमच्या संचालकांचं म्हणणं आहे की आता सगळं डॅशबोर्डवर दिसतं, तर मधल्या फळीतले व्यवस्थापक कशाला हवेत? मी त्या मधल्या फळीतलाच आहे, म्हणून काळजीने विचारतोय.

उत्तर: तुमची काळजी मला समजते. संचालकांना सांगण्यासारखं दोन ठिकाणचं देते.

मधले व्यवस्थापक आले कुठून? १८५० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क आणि ईरी रेल्वेवर डॅनियल मॅकॅलम हे सरव्यवस्थापक होते. मार्ग जवळजवळ ५०० मैलांचा. त्यांनी लिहून ठेवलं आहे की ५० मैलांच्या रेल्वेवर एक अधिकारी सगळ्यांना ओळखतो, सगळीकडे स्वतः लक्ष घालतो, ५०० मैलांवर ते शक्य नाही. म्हणून त्यांनी मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येकावर अधिकारी नेमला, तारयंत्राने तासातासाला गाड्यांची खबर घेतली, आणि १८५५ मध्ये सगळ्या रचनेचा आराखडा काढून घेतला. तो झाडासारखा आहे. संचालक मंडळ आणि अध्यक्ष तळाशी, मुळांच्या जागी, आणि फांद्या वर पसरत स्थानकांपर्यंत आणि गाड्यांपर्यंत गेलेल्या. तार होती तरी विभागाचे अधिकारी नेमावे लागले, हे लक्षात घ्या. गाडी अडकली आहे हे तारेने कळतं. आता कोणती गाडी बाजूला घ्यायची, हे तिथल्या माणसाने ठरवावं लागतं.

दुसरं, हेन्री मिन्ट्झबर्ग या कॅनडातल्या व्यवस्थापन अभ्यासकांनी पाच मुख्याधिकाऱ्यांच्या पाठीमागे प्रत्येकी एक आठवडा राहून ते काय करतात याची नोंद ठेवली. १९७३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती आणि वेळेचा ७८ टक्के भाग बोलण्यात जात होता. शांतपणे अहवाल वाचून निर्णय घेणारा व्यवस्थापक त्यांना दिसला नाही. व्यवस्थापकाकडे माहिती येते ती फोनवरच्या सुरातून, जिन्यात भेटलेल्या माणसाकडून, ‘सहज सांगतो’ने सुरू होणाऱ्या वाक्यातून. यातलं काही डॅशबोर्डवर येत नाही, कारण ते कुणी भरत नाही.

पण स्वतःलाही एक विचारा, आणि प्रामाणिकपणे. तुमच्या खालून आलेले आकडे तुम्ही नुसते पुढे पाठवत असाल, तर ते काम पडदा तुमच्याहून बरं करतो. आकडा का हलला आणि त्यावर काय करावं हे तुम्ही सोबत लिहून पाठवत असाल, तर तुमची जागा सहजी जाणार नाही. मी याची हमी देत नाही. मी असे चांगले व्यवस्थापक गेलेलेही पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे तो विभाग दीड वर्ष चाचपडताना पाहिला आहे.

प्रश्न: आमच्या सगळ्या सूचना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. चूक आहे का?

उत्तर: खबर द्यायला उत्तम, निर्णय ठेवायला वाईट. ‘उद्यापासून जुना नमुना वापरू नये’ हा संदेश शुभेच्छांच्या खाली चाळीस ओळी जातो, सुट्टीवरचा माणूस तो बघतच नाही, आणि अंगठ्याचं चिन्ह आलं म्हणजे कळलं असं आपण समजतो. निर्णय असेल तर त्याच दिवशी वहीत किंवा फळ्यावर तारखेसह चढवा आणि तो कुणाला लागू आहे ते लिहा.

प्रश्न: आमच्याकडचे सर्वांत जुने ऑपरेटर तीन महिन्यांनी निवृत्त होत आहेत. त्यांच्या मशीनची नस फक्त त्यांनाच कळते. त्यांना ‘तुम्हाला येतं ते सगळं लिहून द्या’ म्हणून वही दिली, महिनाभरात दीड पान झालं. सहकार्य करत नाहीत असंही वाटत नाही. काय करू?

उत्तर: वही परत घ्या. ते टाळत नाहीयेत. जे हाताला येतं ते ‘सगळं’ म्हणून बसून आठवत नाही. तुम्हाला कुणी सायकल कशी चालवता ते लिहून मागितलं तर तुमचंही दीड पानच होईल.

झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातला एक मानववंशशास्त्रज्ञ, ज्युलियन ऑर, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहिला होता. त्याला दिसलं की कंपनीची जाडजूड पुस्तिका हाताशी असली, तरी अवघड बिघाड सुटतात ते तंत्रज्ञ एकमेकांना सांगत असलेल्या गोष्टींमधून: ‘मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा…’ पुढे १९९० च्या दशकात त्या कंपनीने तंत्रज्ञांच्या अशा युक्त्या साठवणारी एक व्यवस्था उभी केली. दुसऱ्या जाणकार तंत्रज्ञाने तपासल्यावर युक्ती त्यात जाई, आणि ज्याने ती दिली त्याचं नाव तिच्याबरोबर राही. नाव राही, हे मला फार आवडलं.

तुम्ही असं करा. मेंटेनन्सच्या नोंदवहीतून त्या मशीनचे शेवटचे वीस बिघाड काढा. जो तरुण ते मशीन हाती घेणार आहे त्याला रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसवा, मशीन चालू असताना. एका दिवशी एकच बिघाड घ्या आणि तीन गोष्टी विचारू द्या: पहिल्यांदा शंका कशावरून आली, आधी काय वाटलं होतं, आणि काय करून पाहिलं जे चाललं नाही. ही तिसरी गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत नसते. लिहायचं त्या तरुणाने, आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायचं. चूक ऐकली की जुना माणूस लगेच बोलतो. वहीवर त्या ऑपरेटरांचं नाव मोठ्या अक्षरांत घाला.

आमच्याकडे ग्राइंडिंग मशीनवर असेच एक काका होते. वीसपैकी सातव्या बिघाडाला त्यांनी सांगितलं की बेअरिंग जायच्या दोनेक दिवस आधी मशीन सुरू करताना पहिल्या मिनिटात एक बारीक शीळ येते, नंतर ती थांबते. पाळी सुरू होताना सगळे हजेरीच्या रांगेत असतात, म्हणून बाकी कुणी ती कधी ऐकलीच नव्हती. त्या मुलाने फोनवर ती शीळ रेकॉर्ड करून ठेवली. तुमच्याकडे तीन महिने आहेत, म्हणजे हे या आठवड्यातच सुरू करा. शेवटच्या महिन्यात त्यांचं मन कामात राहणार नाही, आणि ते राहावं अशी अपेक्षाही करू नका.